भोंगाकाकांचा जबडा

आमची वहिनी दात काढते असं सांगितलं की लोक आधी तिच्या हातांकडे बघतात. हात अगदी शाळकरी मुलीचे. हातमोजे सगळ्यात लहान मापाचे मागवावे लागतात, आणि तेही बोटांच्या टोकाशी सैल पडतात. उंचीही बेताचीच. लग्न होऊन ती घरात आली तेव्हा आईने वरच्या फळीवरचे सगळे डबे खाली उतरवून ठेवले होते. दादा म्हणाला, "कशाला? ती कुठेही गेली तरी आधी स्टूल शोधते."

दातांची डॉक्टर झाल्यावर तिने तोंडाच्या आणि जबड्याच्या शस्त्रक्रियेचं शिक्षण वेगळं घेतलं होतं. तुटलेले जबडे जोडणं, आडव्या उगवलेल्या अक्कलदाढा काढणं, गाठी काढणं, हे तिचं खरं काम. पण तिने भाजीबाजाराच्या मागे, सायकलच्या दुकानावर दोन खोल्या घेऊन दवाखाना थाटला, तेव्हा पहिले काही महिने लोक फक्त दात साफ करून घ्यायला यायचे. दाढ काढायची म्हटलं की खुर्चीतला माणूस मान वळवून आतल्या खोलीकडे बघायचा. आत कोणी दांडगा पुरुष बसला असेल आणि ऐनवेळी तो बाहेर येईल, अशी त्याची समजूत.

एकाने तर विचारलंच, "ओढणार कोण?"

"कोणीच नाही," वहिनी म्हणाली. "दाढ ओढायची नसते. चिखलात रोवलेला खांब बघितलाय ना तुम्ही? ओढला तर निघत नाही. आधी हलवून हलवून भोक मोठं करायचं, मग तो आपोआप वर येतो."

मी त्या वेळी बीकॉम होऊन घरी बसले होते. वहिनीला मदतीला माणूस हवं होतं, मला घराबाहेर पडायला निमित्त हवं होतं. पहिल्याच दिवशी रक्ताने भरलेला कापसाचा बोळा बघितला आणि मी फरशीवर आडवी झाले. शुद्धीवर आले तेव्हा माझे पाय खुर्चीवर ठेवलेले होते आणि वहिनी माझ्या नाडीवर बोट ठेवून पेशंटला सांगत होती, "बघा, चक्कर आली की असं करायचं. डोकं खाली, पाय वर. पाणी लगेच पाजायचं नाही." पेशंट इतका रमला होता की स्वतःची भीती विसरून गेला. पुढे कितीतरी दिवस दादा जेवताना विचारायचा, "आज कोणाला शिकवायला पडलीस?"

हळूहळू मी तयार झाले. अवजारं कडक वाफेत घालणं, ती कोणत्या क्रमाने लागणार ते बघून मांडणं, लाळ ओढणारी नळी नेमकी कुठे धरायची, हे सगळं हाताला बसलं. पण वहिनीने मला दिलेलं सगळ्यात मोठं काम वेगळंच होतं. पेशंटच्या पायाच्या बोटांवर लक्ष ठेवायचं. "तोंडाने माणूस खोटं बोलतो, पायाची बोटं बोलत नाहीत," ती म्हणायची. बोटं आखडली की मी तिच्या कोपराला हलकेच हात लावायचा, की ती थांबायची. 'दुखणार नाही' असं ती कधीच म्हणत नसे. "दाब जाणवेल, आवाज येईल. दुखलं तर डावा हात वर करा, मी हात काढून घेईन," एवढंच. सुई पेशंटच्या डोळ्यांसमोरून जाता कामा नये. मी ती हनुवटीच्या खालून तिच्या हातात द्यायची. भुलीचं औषध ती आधी मुठीत धरून कोमट करायची आणि इतक्या सावकाश द्यायची की पेशंट विचारायचे, "कधी टोचणार?" आणि टोचून झालेलं असायचं.

आता भोंगाकाकांबद्दल. बाजारात सकाळी मालाचा लिलाव व्हायचा आणि तो पुकारायला जे गृहस्थ उभे राहायचे, त्यांना सगळा बाजार भोंगा म्हणायचा. खरं नाव त्यांच्या बायकोलाच आठवत असेल. क्रेटच्या ढिगावर चढून ते बोली पुकारायला लागले की आमच्या दवाखान्याच्या काचा थरथरायच्या. खिडकी बंद केली तरी ऐकू यायचं. कांद्याला काय भाव निघाला हे आमच्या पेशंटना भूल चढायच्या आत कळलेलं असायचं.

त्या दिवशी टोमॅटोचा लिलाव चालला होता. आवाज चढत चढत गेला आणि मध्येच तुटला. वहिनीने कपाट पुसता पुसता मान वर केली. खाली क्षणभर शांतता, मग एकदम गलका. आणि मग लाकडी जिन्यावर इतके पाय वाजायला लागले की मला वाटलं जिना खाली येतोय.

दार उघडलं ते गर्दीनेच. मध्ये भोंगाकाका. तोंड आ वासलेलं, हनुवटी पुढे आलेली, लाळ शर्टावर गळतेय, डोळे भीतीने मोठे झालेले. तोंडातून नुसतं "आ... आ..." हमाल, भाजीवाले, गाडीवाले, सगळे एकदम बोलत होते.

"लकवा मारला यांना."

"मी जोरात खालून ढकलून बघितलं, मिटतच नाही."

"पाठीत दोन धपके घातले, तरी नाही."

त्यात दोन व्यापारी एकमेकांना ढकलत पुढे आले. त्यांचं दुखणं वेगळंच होतं. बोली कोणाच्या नावावर सुटली हे भोंगाकाकांनी जाहीर करायच्या आतच तोंड अडकलं होतं. "डॉक्टर, यांना फक्त बोटाने दाखवायला सांगा, टोमॅटो माझे की याचे," एक म्हणाला.

वहिनीने स्टूलवर चढून आवाज दिला. "जिन्यापर्यंत सगळे बाहेर. टोमॅटो कुठे पळून जात नाहीत."

का कोण जाणे, पण सगळे बाहेर गेले. मी दार लावलं. पाठ टेकवून ते दाबून धरलं. वहिनीचा चेहरा मात्र असा फुलला होता, की घरात एवढा आनंद मी तिच्या तोंडावर क्वचितच बघितला असेल. ज्यासाठी इतकी वर्षं शिकली, ते अखेर स्वतःच्या पायांनी जिना चढून आलं होतं.

तिने दोन्ही हातांची बोटं काकांच्या कानांच्या पुढे ठेवली. दोन्हीकडे खड्डे. "पडलात का? मार लागला?" काकांनी मान हलवली. नाही. "ओरडताना तोंड नेहमीपेक्षा जास्त उघडलं?" हो.

"मग ऐका. हा लकवा नाही. टेबलाचा खण रुळावरून उतरून पुढे अडकतो ना, तसं झालंय. जबड्याची दोन टोकं आपल्या जागेवरून पुढच्या उंचवट्यावर चढून बसलीत. नुसतं मागे ढकललं तर जाणार नाहीत, आधी खाली दाबायला लागतात. मी ते करणार आहे. हाड मोडलेलं नाही."

काकांचे डोळे किंचित लहान झाले. काय झालंय हे कळल्यावर माणूस किती निवळतो, ते मी तेव्हा बघितलं.

आमची खुर्ची कितीही खाली केली तरी वहिनीला वरून जोर लावता येईना. तिने आपलं स्टूल भिंतीला लावलं, काकांना त्यावर बसवलं, डोकं भिंतीला टेकवलं आणि मला ते दोन्ही हातांनी धरायला सांगितलं. आता ती त्यांच्यापेक्षा उंच झाली. अंगठ्यांना गॉजच्या पट्टीचे जाड वेढे गुंडाळले. जबडा जागेवर बसतो तेव्हा असा फटकन मिटतो, की अंगठा मध्ये सापडला तर चेचलाच. अंगठे खालच्या दाढांच्या बाहेरच्या बाजूला, हाडावर. बाकीची बोटं हनुवटीखाली. आणि तिने दाबलं.

काही झालं नाही. काका कण्हले, त्यांनी तिची मनगटं घट्ट धरली. गालांचे स्नायू दगडासारखे ताठ झाले होते. तिने पुन्हा दाबलं. तिच्या मानेवरच्या शिरा फुगल्या. तरी नाही.

दारातून एका हमालाने डोकं आत घातलं. "बाई, ताकद कमी पडतेय. मी दाबू का?"

"तुम्ही दाबाल तर मला मोडलेला जबडा जोडायला लागेल," वहिनी म्हणाली. "दार लावा."

तिने अंगठे बाहेर काढले, ओलं गॉज बदललं आणि चक्क थांबली. मला वाटलं आता गाडी बोलावून मोठ्या हॉस्पिटलात पाठवणार. पण ती काकांच्या गालांवर गोल गोल मालिश करायला लागली. "नाकाने श्वास घ्या. सावकाश सोडा. तुम्ही जबडा धरून ठेवलाय, मी ओढतेय, असं आपलं भांडण चाललंय. मला भांडायचं नाहीये." काकांनी श्वास सोडला. पायाची बोटं चपलेत अजून आखडलेली होती. मी वहिनीला डोळ्यांनीच नाही म्हणून सांगितलं.

तिने अंगठे पुन्हा आत ठेवले, पण दाबलं नाही. इकडे तिकडे बघितलं आणि एकदम मोठ्याने पुकारायला लागली. "चला, हे स्टूल विकायचंय. लाकडी आहे, चांगलं आहे, एक पाय थोडा आखूड आहे. कोण घेतंय? सांगा हो, कोण घेतंय?"

इतका वाईट पुकारा मी जन्मात ऐकला नव्हता. शाळेत कविता म्हणून दाखवावी तसा सूर. काकांनी डोळे उघडून तिच्याकडे बघितलं.

"बोली लावा तुम्ही," गिऱ्हाइकाला म्हणावं तसं ती मला म्हणाली.

"मी... मी घेते," मी म्हणाले.

"घेतलं यांनी. आणखी कोणी? नसेल तर राहू द्या, काही घाई नाही."

काकांच्या कपाळावर आठी पडली. त्या आठीत दुखणं नव्हतं. आयुष्यभर जे काम केलं त्याची कोणी समोर उभं राहून अशी माती करतंय, याची ती चीड होती. त्यांनी तिचं मनगट सोडून हात असा हवेत झटकला, की 'अहो, असं नव्हे.' त्याच क्षणी त्यांचे गाल माझ्या बोटांखाली सैल पडले. मी पाय बघितले. बोटं सरळ झाली होती. मी मान हलवली. वहिनीने सगळं अंग अंगठ्यांवर टाकलं, खाली, आणखी खाली, आणि मागे.

खट्.

आवाज भिंतीतून गेल्यासारखा माझ्या तळहातांत आला. तोंड मिटलं. वहिनीने अंगठे ऐनवेळी काढून घेतले, एकाचं गॉज मात्र काकांच्या दातांत राहिलं. त्यांनी ते काढलं, हनुवटी चाचपली, दात दातांवर ठेवून बघितले. डोळ्यांतून पाणी आलं. मग दात न उघडता पुटपुटले, "बाई, माल विकताना त्याची खोट सांगायची नसते."

वहिनी अशी हसली की तिला भिंतीला टेकायला लागलं.

बाहेर कान लावून बसलेल्यांना कळायला वेळ लागला नाही. जिन्यावर टाळ्या पडल्या. काकांनी दाराच्या फटीतून त्या दोघांपैकी पिवळ्या शर्टाच्या व्यापाऱ्याकडे बोट केलं, टोमॅटोचा प्रश्न मिटला. हनुवटीखालून डोक्यावर पट्टी बांधून वहिनीने त्यांना घरी पाठवलं. काही आठवडे मऊ खायचं, जांभई आली तर हनुवटीला हाताचा आधार द्यायचा आणि ओरडायचं अजिबात नाही. शेवटची अट ऐकून काकांनी असं बघितलं, जणू श्वास घ्यायलाच बंदी केली.

गोष्ट इथे संपली असती तर गंमत म्हणून राहिली असती. पण पट्टी सुटायच्या सुमाराला काका पुन्हा आले, या वेळी काकूंना घेऊन. काकांचा गाल सुजलेला. एक्स-रेत दिसलं की खालची अक्कलदाढ हाडात आडवी झोपलीये आणि पुढच्या दाढेला ढुशा देतेय. आतली जागा वारंवार पिकत होती. औषधाने सूज उतरली असती, पण दाढ काढल्याशिवाय सुटका नव्हती.

"मग काढा," काकू म्हणाल्या. "तुमच्या हाताला यश आहे."

वहिनीने एक्स-रे खिडकीच्या काचेवर धरला. "यात दोन अडचणी आहेत, दोन्ही सांगते. तोंड जास्त वेळ उघडं ठेवलं तर जबडा परत निसटेल. आणि ही बारीक रेघ दिसतेय ना, ती ओठाची नस. दाढेच्या मुळाला चिकटूनच चाललीये. तिला धक्का लागला तर खालचा ओठ बधिर राहू शकतो. बहुतेकांची जाणीव परत येते. एखाद्याची येत नाही."

काकांनी बोटांनी खालचा ओठ चाचपला. मग म्हणाले, "ओठच गेला तर मी पुकारू कशाने?" आणि उठून निघून गेले.

संध्याकाळी दादा म्हणाला, "इतकं स्पष्ट कशाला सांगायचं? माणूस घाबरून पळाला ना."

"न सांगता काढली आणि ओठ गेला, तर मी कुठे पळू?" वहिनी म्हणाली.

ती स्वतःच एक्स-रे घेऊन तिच्या कॉलेजच्या सरांकडे गेली. सरांनी बघितलं आणि तिचा बेत ऐकून घेतला. तोंड थोडंच उघडायचं, दाढेचे तुकडे करायचे आणि मूळ नसेला अगदीच चिकटलेलं निघालं तर तेवढं आतच सोडून द्यायचं. सर म्हणाले, "बरोबर आहे. माझी बोटं एवढ्याशा फटीत मावणार नाहीत. तूच कर." हे तिने काकांना फोन करून सांगितलं, सरांचा नंबरही दिला. काकांनी सरांना स्वतः विचारलं आणि मग तयार झाले.

बाजाराच्या सुट्टीच्या दिवशी सकाळी ते आले, काकू बाहेरच्या खोलीत बसल्या. वहिनीने दुसऱ्या बाजूच्या दाढांमध्ये रबराचा छोटा ठोकळा ठेवला, म्हणजे जबड्याला सारखा जोर लावायला नको. मला म्हणाली, "आज पायाकडे बघू नकोस. उजवा हात त्यांच्या हनुवटीखाली ठेव आणि वर उचलून धर. काही जाणवलं तर मनात ठेवायचं नाही, लगेच बोलायचं."

भूल दिली. ओठ जड झाला का, ते दोनदा टोचून तपासलं. हिरडी बाजूला केली, आणि यंत्राची घरघर सुरू झाली. लगेच काकांचा डावा हात वर गेला. वहिनीने यंत्र काढून घेतलं. "दुखलं?"

काकांनी मान हलवली. नाही. डोळ्यांत जरा शरमिंदेपण होतं.

"खरंच थांबते का, ते बघत होतात," वहिनी म्हणाली. "बरोबर केलंत. केव्हाही बघा."

त्यानंतर त्यांनी हात वर केला नाही. थोड्या थोड्या वेळाने वहिनी ठोकळा काढायची, त्यांना तोंड मिटून विसावा घ्यायला लावायची. मग पुन्हा सुरू. दाढेचा माथा कापून निघाला. मग एक मूळ. माझा हात भरून आला होता, पण अंगात असा चेव चढला होता की सोडावासा वाटेना. वहिनीचं सगळं जग त्या बोटभर फटीत गेलं होतं. ती स्वतःशीच पुटपुटत होती, "ये बाळा, ये, अशी ये."

दुसरं मूळ हलत नव्हतं. तिने बारीक अवजार त्याच्या कडेला सरकवलं आणि नुसतं फिरवलं. आणि माझ्या तळहाताखाली काहीतरी घसरलं. अगदी हलकं, साबणाची वडी हातातून निघते तसं.

"वहिनी, सरकतोय."

तिने विचारलं नाही की कशावरून. दोन्ही हात तोंडाबाहेर, ठोकळा बाहेर, तळहात हनुवटीवर, मागे आणि वर. तोंड मिटलं. काकांनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे.

"निसटला नाही," वहिनी म्हणाली. "निघाला होता, हिने दारातच पकडला."

पुन्हा तोंड उघडलं तेव्हा ते मूळ झोपेतून उठून बसल्यासारखं वर आलेलं होतं. तिने ते चिमट्याने अलगद उचललं. आतून न दुखावलेल्या नसेची पांढरट रेघ तिला दिसली म्हणे, मला काही रक्ताशिवाय दिसलं नाही. टाके घातले, गॉज चावायला दिलं. थुंकायचं नाही, चूळ भरायची नाही, आतली रक्ताची गुठळी हलली तर जखम भरत नाही, गालावर बर्फ थोडा वेळ ठेवायचा, थोडा वेळ काढायचा. आत बोलावलेल्या काकू सगळं पाठ केल्यासारखं परत म्हणून दाखवत होत्या.

आणि मग वाट बघणं. भूल उतरेपर्यंत ओठाचं काय ते कळणार नव्हतं. दुपारी वहिनी जेवली नाही. फोन वाजला की उचलायची, आणि तो दुसऱ्याच कोणाचा असायचा. आईने तिला शेंगा सोलायला बसवलं, तर तिने सालं भांड्यात टाकली आणि दाणे कचऱ्यात.

उन्हं उतरताना काकूंचा फोन आला. वहिनीने तो स्पीकरवर लावला.

"डॉक्टर, ओठाला मुंग्या आल्यात. मी पिसाने गुदगुल्या करून बघितलं, त्यांना कळतंय. मला रागावले पण, टाके आहेत म्हणून हसता येत नाही."

वहिनी ओट्यावर चढून बसली आणि पाय हलवत राहिली. दादाने विचारलं, "आता जेवणार का?" तर म्हणाली, "दोन माणसांचं वाढ."

काका परत बाजारात उभे राहिले ते हातात माइक घेऊन. बाजार समितीने तो त्यांना मुद्दाम आणून दिला, म्हणजे तोंड फार उघडायला नको. काही दिवस ते माइकवर कुरकुरले, मग त्यांच्या लक्षात आलं की आता आवाज पलीकडच्या रस्त्यापर्यंत जातो, आणि कुरकुर थांबली.

वहिनीला सरांनी कॉलेजात बोलावून घेतलं. आता ती आठवड्यातून एक दिवस शिकवायला जाते. पहिल्या दिवशी मीही गेले होते. मुलांना वाटलं होतं, ती फळ्यावर आकृत्या काढेल. तिने त्यांच्या जोड्या लावल्या. एकाने पेशंट व्हायचं, दुसऱ्याने त्याच्याकडून तीन गोष्टी करून घ्यायच्या: खांदे सैल, श्वास सावकाश, पायाची बोटं सरळ. अवजाराला हात लावायचा नाही. एक उंचापुरा मुलगा म्हणाला, "मॅडम, हे तर कोणीही करेल." त्याच्या समोरची मुलगी खांदे कानापर्यंत चढवून बसली होती. तो समजावत राहिला, ती आणखी आखडत गेली. तास संपेपर्यंत त्याचाच घाम निघाला.

"पुढच्या आठवड्यात परत हेच," वहिनी म्हणाली, आणि पिशवी उचलून माझ्याआधी जिना उतरायला लागली.